खाच रस्त्यात, दोष सायकलवाल्यात

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी सायकलवरून पडलो. उजव्या हाताचे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. माझे वय पंच्याहत्तर. या वयात माणूस पडला की घरचे आधी हाडाकडे बघतात आणि लगेच सायकलकडे. सायकलला कुलूप लागले आणि किल्ली सूनबाईंच्या ताब्यात गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. काळजीपोटी लावलेले कुलूप आहे ते.

तक्रार वेगळीच आहे. मी पडलो तो म्हातारपणामुळे नाही. सकाळी सहाची वेळ, रस्ता मोकळा, दूध घेऊन घरी निघालो होतो. आमच्या भागात नवीन सिमेंटचा रस्ता झाला आहे. त्याच्या कडेला पावसाचे पाणी जायला गटार आणि गटारीवर लोखंडी जाळी. जाळीच्या सळया रस्त्याच्या दिशेने, उभ्या बसवलेल्या. दोन सळयांमधली फट सायकलचे चाक आरामात मावेल एवढी. मागून टेम्पो आला म्हणून मी शहाण्या माणसासारखा कडेला झालो आणि पुढचे चाक त्या फटीत गेले. सायकल जागच्या जागी थांबली, मी थांबलो नाही.

हात गळ्यात अडकवून मी त्या कामाशी संबंधित कार्यालयात गेलो. कार्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण मला एका कार्यालयाशी भांडायचे नाही. तिथल्या तरुण साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिले, चहा मागवला. माझे सगळे ऐकून घेतले आणि अतिशय आपुलकीने म्हणाले, "काका, बघून चालवायची ना! आणि या वयात सायकल कशाला?"

हे वाक्य मी आयुष्यात तीनदा ऐकले आहे. तिन्ही वेळा पडणारा सायकलवर होता, तिन्ही वेळा त्याचे चाक रस्त्यातल्या खाचेत अडकले होते आणि तिन्ही वेळा खाचेला कोणी एका शब्दाने बोलले नाही. तीनपैकी एकदा तर हे वाक्य माझ्याच तोंडून निघाले होते. म्हणून हा लेख.

पहिल्यांदा ऐकले ते मुंबईत, १९६३ साली. सातवीची परीक्षा देऊन मी मामाकडे गेलो होतो. येडशीहून बार्शी लाईटने कुर्डुवाडी आणि तिथून मोठ्या गाडीने मुंबई. मामा लालबागला राहायचा. गिरणीत काम लागले नव्हते म्हणून एका किराणा दुकानात होता. सायकलच्या कॅरिअरला पोते बांधून घरोघरी माल पोचवायचा. त्या वेळी दादरहून परळ, लालबाग, भायखळ्यावरून खाली बोरीबंदरकडे ट्राम धावत होती. मुंबईची पहिली ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली. तेव्हा ती घोडे ओढायचे. १९०७ मध्ये विजेची आली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली आणि विषय संपला. म्हणजे मी पाहिली ती ट्राम शेवटच्या वर्षातली. दादर टीटी हे नाव आजही लोक घेतात. त्यातला एक टी ट्रामचा आणि दुसरा टर्मिनसचा, हे नव्या पिढीला सांगावे लागते.

खेड्यातल्या पोराला ट्राम म्हणजे जादू होती. रस्त्याच्या मधोमध आगगाडी, आणि तीसुद्धा धूर न काढणारी! मामाला मात्र ती आवडत नसे. तो म्हणायचा, "तुला ट्राम दिसते, मला रूळ दिसतात." त्याचा अर्थ मला जूनच्या पहिल्या पावसात कळला. मामा बसला वाट देण्यासाठी बाजूला वळला, पुढचे चाक रुळाच्या खाचेत गेले आणि पोत्यासकट तो रस्त्यावर आडवा झाला. मी मागून चालत येत होतो. साखर रस्त्यावर सांडली आणि पावसात विरघळून गेली. कोपर सुजून केळीच्या कोक्याएवढे झाले. बसमधून, फुटपाथवरून लोक ओरडले, "ए, आंधळा आहेस का? बघून चालवता येत नाही?" दुकानदाराने साखरेचे पैसे पगारातून कापले. तोही तेच म्हणाला.

त्या रात्री मामाने मला एक धडा दिला. रूळ ओलांडायचा तर आडवा कापायचा. तिरके कधी जायचे नाही. पावसात तर हँडल सरळ धरून, ब्रेक न दाबता, काटकोनात पार व्हायचे. हा धडा बरोबर आहे. जगभर आजही सायकलवाल्यांना हेच शिकवतात. पण मामाला काटकोनात वळायला जागा कोण देत होते? डावीकडे थांबलेली हातगाडी, उजवीकडे बस, मागे मोटार. धडा पाठ असून उपयोग काय, जेव्हा रस्ता तो वापरूच देत नाही!

आता यातली खोच थोडी समजावून सांगतो. (मास्तरची सवय. जात नाही.) सायकल उभी राहते ती चालवणारा सतत हँडल थोडे थोडे वळवत असतो म्हणून. आपण डावीकडे कललो की नकळत हँडल डावीकडे जाते आणि चाक पुन्हा आपल्या भाराखाली येते. हे इतके सवयीने होते की आपल्याला पत्ताही लागत नाही. चाक खाचेत गेले की हँडल वळणे बंद होते. मग तुम्ही सर्कशीतले सायकलपटू असा नाहीतर कलेक्टर असा, दोन क्षणांत जमिनीवर येणार. इथे कौशल्याचा प्रश्नच उरत नाही.

आणि खाच ठेवावीच लागते. ट्रामच्या किंवा रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने लोखंडी कंगोरा असतो. तो रुळाच्या आत राहतो म्हणून गाडी घसरत नाही. रस्ता आणि रूळ एका पातळीत आणायचे तर त्या कंगोऱ्यासाठी रुळाशेजारी फट सोडणे भाग आहे. ट्रामच्या रुळाची फट साधारण दीड इंचाची. रेल्वेच्या फाटकात ती त्याहून मोठी, दोन इंचांच्या आसपास. आणि आपल्या २८ इंची काळ्या सायकलचा टायर? दीड इंच रुंद! जणू माप घेऊनच केलेला. त्यातून पावसात ओले लोखंड. खाचेत चाक गेले नाही तरी रुळावरून घसरायला तेवढे पुरते.

मुंबईच्या ट्रामबद्दल लोक हळवे होऊन लिहितात. २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या वेळी हुतात्मा चौकात जमिनीखाली जुने रूळ सापडले, तेव्हा त्यांचे फोटो सगळीकडे फिरले. मलाही ते बघून भरून आले. पण ते रूळ बघताना मामाच्या कोपराची आठवण आलेला मी एकटाच असेन. ट्रामचा इतिहास ट्राममध्ये बसलेल्यांनी लिहिला. सायकलवरून पडलेल्यांनी लिहिला नाही.

दुसऱ्यांदा हे वाक्य मी स्वतः बोललो. ते लिहायला जड जाते, पण लिहिले नाही तर बाकीचे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

आमच्या जिल्ह्यात ट्राम कधी नव्हती. रूळ मात्र होते. बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली आणि पुढे निजामाच्या मुलखातून १९११ मध्ये लातूरला पोचली. रूळ अडीच फुटांचे. येडशी, कळंब रोड, तडवळे ही आमची स्टेशने. उस्मानाबाद गावाला तिने टाळले होते. २००७-०८ च्या सुमारास ब्रॉडगेज आली तेव्हा कुठे जिल्ह्याच्या गावाला रेल्वे मिळाली.

१९८८ साली मी त्या पट्ट्यातल्या एका गावच्या हायस्कूलला होतो. तीन किलोमीटरवरच्या वाडीतून नववीची एक मुलगी सायकलने यायची. थोरल्या भावाची जुनी सायकल, पुरुषांची, मधल्या नळीखालून पाय घालून चालवायची. त्या काळी मुलीने सायकल चालवणे हे आमच्याकडे बघण्यासारखे दृश्य होते. वाटेत रेल्वेचे फाटक लागे. गाडीवाट रुळांना तिरकी छेदत होती, तशी का होती कोण जाणे. बहुधा आधीची बैलगाडीची वाट तशीच राहिली. बैलगाडीच्या चाकाला त्या फटीचे काही वाटत नाही.

एके दिवशी ती पहिला तास संपत आल्यावर आली. गुडघे फुटलेले, परकर फाटलेला, दप्तर चिखलात भरलेले. "फाटकात पडले गुर्जी" म्हणाली. वर्ग हसला. आणि मी, शिक्षक म्हणून ज्याचे काम आधी जखम बघायचे होते, तो म्हणालो, "बघून चालवता येत नाही का? येत नसेल तर चालवू नये." वर्ग पुन्हा हसला.

पंधरा दिवसांनी ती त्याच फाटकात पुन्हा पडली. या वेळी समोरचा दात गेला. त्यानंतर शाळेत आली नाही. मी वाडीवर गेलो. तिच्या वडिलांनी घोंगडी टाकली, चहा दिला. मी म्हणालो, पोरगी हुशार आहे, दहावी तरी होऊ द्या. ते शांतपणे म्हणाले, "गुर्जी, तुम्हीच म्हणलात की तिला सायकल येत न्हाई. चालत पाठवावं तर वेळेला पोचत न्हाई. आन् दात पडलेल्या पोरीला उद्या कोण करून घेणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. माझेच वाक्य त्यांनी माझ्या हातात परत दिले होते. त्या फाटकावरून मीही रोज सायकलने जायचो. मी तिथे उतरून सायकल हातात धरून चालायचो, कारण मला ते ठिकाण ठाऊक होते आणि मामाचा धडा पाठ होता. तो धडा मी त्या मुलीला दिला नाही. वर्गाला दिला नाही. आणि रेल्वेला किंवा ग्रामपंचायतीला एक अर्जही लिहिला नाही. मराठीच्या तासाला मुलांकडून दरवर्षी अर्जलेखन करून घेणारा मी! "माननीय महोदय, आमच्या गावच्या रस्त्याची दुरवस्था झाली आहे" हा नमुना माझ्या किती विद्यार्थ्यांना आजही तोंडपाठ असेल.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. म्हण मी वर्गात शिकवत होतो आणि फाशीही मीच देत होतो.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, सायकलवाले पडायचेच, त्यात रस्त्याचा काय दोष? तर दोन उदाहरणे सांगतो. कॅनडात टोरंटो शहरात अजून रस्त्यावरून ट्राम धावतात. तिथे सायकलवरून जखमी होऊन दवाखान्यात आलेल्या २७६ जणांचा अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले ८७ जण रुळांमुळे पडलेले होते. म्हणजे जवळजवळ तीनातला एक. हे सगळे काय आंधळे होते? बरेचसे अचानक बाजूला व्हावे लागल्यामुळे रुळात गेले, माझ्या मामासारखेच.

दुसरे उदाहरण मला जास्त आवडते. अमेरिकेत नॉक्सव्हिल नावाच्या गावी सायकलची वाट रेल्वेरूळ तिरकी ओलांडत होती. सायकलवाले धडाधड पडत. विद्यापीठातल्या लोकांनी तिथे कॅमेरा लावला आणि कोण कोणत्या कोनातून जातो, कोण पडतो, हे मोजले. जितका कोन तिरका, तितके पडणारे जास्त. मग त्यांनी काय केले? "बघून चालवा" अशी पाटी लावून ते घरी गेले नाहीत. वाटेलाच थोडा वळसा दिला, जेणेकरून सायकल आपोआप रुळाला आडवी जाईल. पडणे जवळजवळ थांबले. सायकलवाले तेच होते, रूळ तेच होते. फक्त वाट शहाणी झाली.

आमच्या वाडीच्या फाटकाला असा वळसा द्यायला किती मुरूम लागला असता? चार बैलगाड्या. फार तर पाच. एका मुलीची दहावी चार गाड्या मुरमात झाली असती.

आपल्या देशात मात्र उलटा न्याय. ट्राम उरली ती कोलकात्यात. तिथल्या रुळांवर सायकली आणि मोटारसायकली घसरण्याची तक्रार जुनीच. २०१३ मध्ये तिथे पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकललाच बंदी केली. ओरड झाल्यावर ती ६२ रस्त्यांवर आली. बंदीचे कारण वाहतुकीला अडथळा. म्हणजे दूधवाला, पेपरवाला, प्लंबर हे अडथळा. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने एक छोटा मार्ग सोडून बाकी ट्रामच बंद करण्याचे जाहीर केले. ट्रामप्रेमी न्यायालयात भांडत आहेत. आधी सायकलवाल्याला हटवायचे, मग ट्रामला हटवायचे आणि शेवटी रस्ता कोणाला मिळतो? मोटारीला. माझे ट्रामशी वैर नाही हे इथेच सांगून ठेवतो. शेकडो माणसांना एकदम नेणारी, धूर न सोडणारी गाडी वाईट कशी असेल? ॲमस्टरडॅममध्ये ट्रामही आहेत आणि सायकली तर माणसांपेक्षा जास्त आहेत असे म्हणतात. प्रश्न दोघांना एका रस्त्यावर नीट मांडण्याचा आहे. तो इंजिनिअरचा प्रश्न आहे आणि आपण तो दुधाची किटली घेऊन जाणाऱ्याने सोडवावा असे म्हणतो.

आता आपल्या धाराशिवकडे या. (२०२३ मध्ये नाव बदलले. माझ्या जिभेवर दोन्ही नावे आहेत.) आमच्याकडे ट्राम नाही म्हणून हा विषय आमचा नाही, असे समजू नका. खाच आमच्याकडे रोज नवी तयार होते. गटारीच्या उभ्या सळयांची जाळी मी सांगितलीच. सिमेंट रस्त्याच्या दोन पट्ट्यांमधला उभा जोड बघा. डांबर निघून गेले की तिथे लांबच लांब फट राहते, अगदी ट्रामच्या रुळासारखी. रस्ता दरवेळी उंच होतो आणि साईडपट्टी भरली जात नाही, मग कडेला वीतभर पायरी तयार होते. सायकल एकदा खाली उतरली की वर चढताना चाक त्या कडेला घासून आडवे होते. आणि आमचे गतिरोधक! मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर असावा लागतो. आमच्याकडे रात्रीतून डांबराचा वरवंटा घालून ठेवतात. कॅरिअरवर बसवलेले लेकरू उडते.

यातला खड्डा वेगळा आणि जाळी वेगळी, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. खड्डा पडतो. पावसाने, ओझ्याने, निकृष्ट कामाने पडतो, निदान तसे म्हणायला जागा असते. जाळी मात्र पडत नाही, ती बसवली जाते. तिचे अंदाजपत्रक होते. तिला मंजुरी मिळते. गुत्तेदार ती आणतो, मिस्त्री बसवतो, साहेब मोजमाप पुस्तकात नोंद करतात, बिल निघते. या सगळ्या हातांमधून जाताना एकाही माणसाच्या मनात येत नाही की सळया उभ्याऐवजी आडव्या बसवल्या तर सायकलचे चाक आत जाणार नाही. लोखंड तेवढेच लागते. मजुरी तेवढीच लागते. पाणीही जाते. फक्त सायकलवर बसलेला माणूस आठवावा लागतो आणि नेमका तोच आठवत नाही. कारण त्या साखळीतला एकही जण कामावर सायकलने येत नाही.

कायदा नाही असे नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याचे डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले तर संबंधित अधिकारी संस्था, कंत्राटदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई देण्याचे आदेश दिले. चांगले झाले. पण माझी जाळी खड्डाही नाही आणि उघडे मॅनहोलही नाही. माझे मनगट मोडले आणि जुळले, ते अपंगत्वही नाही. मग दोषी कोण? कोणीच नाही. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. माझ्यासारखे नुसते पडलेले त्यात कुठेच नाहीत. एकटा माणूस सायकलवरून पडला तर पंचनामा होत नाही. जे लिहिलेच जात नाही ते मोजले जात नाही आणि जे मोजले जात नाही त्याला निधी मिळत नाही.

"आता सायकल चालवतो कोण?" असे तरुण साहेबांनी मला विचारले होते. त्यांना मी खिडकीतून बाहेर बघायला सांगितले. दहाची वेळ होती. मुलींची रांग शाळेला चालली होती. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना. सरकारचे हे काम मला मनापासून आवडते. १९८८ मध्ये ही योजना असती तर त्या मुलीला निदान नळीखालून पाय घालावा लागला नसता. पण एका हाताने सरकार मुलीला सायकल देते आणि दुसऱ्या हाताने तिच्या वाटेत उभ्या सळयांची जाळी बसवते. सायकलवाटपाच्या कार्यक्रमाला मंडप असतो, हारतुरे असतात, फोटो असतात. त्या मंडपापासून शाळेपर्यंतचा रस्ता कोणी सायकलने जाऊन बघितला आहे का?

आणि एक मुलगी पडली की काय होते ते मी पाहिले आहे. मुलगा पडला तर घरचे म्हणतात, "पडता पडता शिकंल." मुलगी पडली की सायकल बंद होते, आणि पुष्कळदा सायकलबरोबर शाळाही. म्हणून हा प्रश्न गुडघे खरचटण्याचा नाही.

सायकलवाल्यांची चूक कधीच नसते, असे मी म्हणत नाही. उलट्या बाजूने येणारे, अंधारात बिनदिव्याचे, कानात गाणी लावून जाणारे मीही बघतो आणि टोकतो. त्यांना शिकवलेच पाहिजे. पण शिकवण्याची हद्द आहे. माणूस कधी ना कधी चुकणार, दचकणार, टेम्पोला घाबरून कडेला होणार. तेवढ्या चुकीची शिक्षा मनगट किंवा दात किंवा शाळा असू नये. वर्गात एक मुलगा नापास झाला तर मी त्याला दोष देऊ शकतो. सगळा वर्ग एकाच प्रश्नाला नापास झाला, तर प्रश्नपत्रिका तपासायला हवी. एवढे तर साध्या मास्तरलाही कळते.

माझी मागणी लहान आहे. जिल्ह्यात कोणताही रस्ता पूर्ण झाला की ताब्यात घेण्यापूर्वी संबंधित साहेबांनी आणि गुत्तेदाराने तो सायकलवरून जाऊन बघावा. एकदा जाताना, एकदा येताना, आणि जमल्यास पावसात. कॅरिअरवर दप्तर बांधावे. मगच बिलावर सही करावी. यासाठी नवीन कायदा नको, समिती नको, निविदा तर अजिबात नको. साहेबांकडे सायकल नसेल तर माझी घेऊन जावी. सूनबाईंकडून किल्ली मी मिळवून देतो.

प्लास्टर निघाल्यावर मी एक काम केले, तेही सांगून टाकतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी वेल्डिंगचे दुकान आहे. त्याला म्हणालो, त्या जाळीवर चार पट्ट्या आडव्या मारून दे. त्याने रविवारी सकाळी वीस मिनिटांत मारून दिल्या. पट्टीचे आणि विजेचे मिळून चारशे रुपये झाले. त्याने तीनशेच घेतले, कारण त्याची मुलगीही त्याच वाटेने शाळेला जाते. सरकारी मालमत्तेला हात लावला म्हणून माझ्यावर कारवाई करायची असेल तर खुशाल करावी. त्या निमित्ताने तरी त्या जाळीची कागदावर नोंद होईल.

ती वाडीतली मुलगी आता पन्नाशीची असेल. कुठे असते, मला ठाऊक नाही. तिच्यापर्यंत हे पोचणार नाही, तरी लिहून ठेवतो. बाई, तुला सायकल येत होती. फाटक तिरके होते. हे मला तेव्हाही दिसत होते आणि मी बोललो नाही.